बोरीवलीतलं चावडीवाचन

आमच्या गावात अनुदानाची नावं चावडीपुढे मोठ्यानं वाचतात. कोतवाल गुणाजी वाचतो, गाव ऐकतं. त्या दिवशी कापूसवाल्यांची नावं चालली होती. मध्येच "चैतन्य शिवदास वानखडे" आलं आणि सगळी चावडी खो खो हसली. हसेल नाही तर काय? हा चैतन्य बोरीवलीत राहतो. काळ्या रानाचा चिखल त्याच्या पायाला कधी लागला, हे कोणाला आठवत नाही. बाप गेला तशी जमीन त्याच्या नावावर चढली, पण पेरते, निंदते, वेचते ती त्याची काकू, आमची शांताबाई. मी तिची शेजारीण. पिकाची नोंद करायला माणूस आला, तेव्हा त्याला बांधावर नेऊन कापसाची पऱ्हाटी दाखवली तीही हिनंच.

शांताबाईनं आपला हक्क विचारला, तर तलाठी म्हणाला, "जाहीर वाचलं ना? आमचा कारभार पारदर्शक आहे. अनुदान तुमच्या नावावर हवं, तर खातेदाराची, म्हणजे चैतन्यची सही आणा."

पारदर्शक म्हणे! चोर उजेडात उभा केला आणि तसाच सोडून दिला.

शांताबाईनं माझं मनगट धरलं. "चाल व माय. चार लोकाइत नाव घेतलं का त्याले लाज वाटन. देईन तो सही."

तेवढ्या भरवशावर आम्ही बोरीवलीला उतरलो.

चैतन्य सोसायटीच्या फाटकातच भेटला. वर चल म्हणाला नाही, पाणी विचारलं नाही.

"काकू, जमीन माझी, तर अनुदान पण माझंच ना."

"अन् कापूस कोनाचा, बावा?"

"सही-बिही विसर. उद्या कूळ लागलं म्हणशील, जमीनच मागशील. माझी वाट लागेल."

शांताबाईनं पदर खोचला आणि तडक आतल्या झेंड्याच्या चौथऱ्यावर चढली. रविवार होता, माणसं अंगणातच होती. तिनं गुणाजीसारखा सूर लावला.

"ऐका हो ऐका! चैतन्य शिवदास वानखडे, कापूस उत्पादक शेतकरी, राहनार बोरीवली! यानं पेरलं नाई, निंदलं नाई, एक बोंड वेचलं नाई! अनुदान मातर यानंच उचललं!"

खिडक्या उघडल्या. माणसं जवळ आली. चैतन्य लालबुंद झाला. "काकू, गप ना! लोक बघतायत!" खोटं कशाला सांगू, मला गार वाटलं.

तेवढ्यात सोसायटीचा सेक्रेटरी हर्षद पुढे आला आणि त्यानं चैतन्यच्या खांद्यावर हात टाकला.

"काय रे, बोलला नाहीस कधी! माझी पण जमीन आहे गावाला. पण आपण इथे, मग पीक कोण दाखवतं?"

चैतन्यचा जीव भांड्यात पडला. "काकू आहे ना."

"झकास! कसं करायचं ते ग्रुपवर टाक ना यार," मागून एक बाई म्हणाली.

मला किळस आली. शांताबाई चौथऱ्यावरून उतरली आणि त्या चकचकीत फरशीवर पचकन थुंकली.

वॉचमन धावत आला. "मावशी, इथे थुंकायचं नाही. आमची सोसायटी स्वच्छ आहे."

यंदा गुणाजीनं पुन्हा चैतन्यचं नाव वाचलं. चावडीवर कोणी हसलं नाही. ही युक्ती शिकायला दोघातिघांनी उठून शांताबाईकडे त्याचा नंबर मागितला.