हिरव्या कोटातली बाई

जोतीराम मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर होऊन कुंडलला घरी आला आणि वर्ष व्हायच्या आत त्याची बायको संयोगिता तापाने गेली. जोतीरामच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

गावाला हे काही बरं वाटलं नाही. दुखवटा घेऊन येणाऱ्या बायका दारातूनच गळा काढायच्या आणि आत येऊन बघावं तर हा गडी पाण्याचा तांब्या घेऊन शांत उभा. त्यांचा सगळा हुंदका वाया जायचा. मिलिटरीतला माणूस, त्याचं काळीज घट्टच असणार, असं काहींनी समजून घेतलं. काहींनी नाक मुरडलं. खुद्द जोतीरामला काहीच वाटत नव्हतं, वाईटसुद्धा नाही. सकाळी उठावं, म्हशीची धार काढावी, चहा करावा, उसाकडे एक फेरी मारून यावी. टॉवेल दुखवट्यातला, टोपी दुखवट्यातली, अंगातला शर्टही दुखवट्यातलाच. तो कुणी आणला आणि कुठल्या रंगाचा आहे हेही त्याने कधी बघितलं नव्हतं. दात काढताना सुई मारतात आणि मग गाल असून नसल्यासारखा होतो, तसं त्याचं अख्खं अंग झालं होतं.

घरात दुसरं माणूस म्हणजे त्याची आई अंबूबाई. ऐंशीच्या पुढची, नजरेने अधू. माणूस ओळखायचं ते आवाजावरून आणि अंगावरच्या कपड्याच्या रंगावरून. सून होती तोवर या बाईच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असायचा. सून गेली आणि तिने बोलणंच टाकलं. अर्धी भाकरी खायची, ताट पुढे सारायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. डॉक्टरने तपासून काही झालेलं नाही असं सांगितलं. काही झालेलं नसताना माणूस वाळत चाललं तर काय करायचं, ते मात्र सांगितलं नाही. जोतीरामची मुलगी अंकिता मिरजेला नर्सिंग शिकत होती. ती रोज फोनवर एकच सांगायची, "पप्पा, आजीला बोलतं करा. न्हाईतर तीबी जाईल."

जोतीरामला पटायचं. पण जो स्वतःच दिवसाकाठी चार शब्द बोलतो, त्याने दुसऱ्याला बोलतं कसं करायचं? तो आईजवळ जाऊन बसायचा. दोघं मिळून गप्प बसायची.

एका दुपारी रस्त्यावर भंगारवाल्याचा भोंगा वाजला. जोतीरामला वाटलं, कपाटाचा खालचा खण तरी रिकामा करून टाकावा. तिथे संयोगिताची मासिकं होती.

ती मासिकं त्यानेच आणलेली. लेबनानात शांतिसेनेत असताना त्याने बायकोसाठी काचेच्या पेल्यांचा सेट घेतला होता आणि पेले फुटू नयेत म्हणून तिथल्या दुकानदाराने खोक्यात जुनी फ्रेंच मासिकं कोंबून दिली होती. घरी खोकं उघडल्यावर पेले शोकेसमध्ये गेले, ते आजवर तिथेच आहेत. मासिकं मात्र संयोगिताने पाट्याखाली दाबून सरळ केली. पान उलटलं की नुसत्या बाया. उंच, वाळक्या, कुणावर तरी कायमच्या रुसलेल्या, आणि अंगावर एकेक असे कपडे की शिवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं का, असं विचारावं. "म्होरल्या टायमाला पेले नसले तरी चालतील," ती म्हणाली, "ही पुस्तकं आणा." त्याने खरंच पिशवी भरून आणली.

फ्रेंच तर सोडाच, संयोगिताचं इंग्रजीच दहावीला राहिलं होतं. पण मासिक उघडलं की बाई त्यात बुडून जायची. कुठल्या कॉलरची टोकं कशी वळवलीत, कुठली बाही कोपराशी कशी चिमटून घेतली आहे, हे ती बोट फिरवून फिरवून बघायची. तसली बाही तिने ब्लाउजला शिवायला सांगितली तेव्हा पलूसच्या टेलरने आधी हात टेकले, मग शिवून दिली, आणि महिनाभरात निम्मी आळी त्याच बाहीत फिरायला लागली. सुट्टीवर आला असताना जोतीरामने एकदा तिला छेडलं होतं, "ह्यातलं कळतंय तरी काय तुला?"

"बघायला कशाला कळाय लागतंय?" ती म्हणाली होती.

जोतीरामने गठ्ठा उचलून सोप्यात आणून टाकला. त्या आवाजाने अंबूबाईने भिंतीवरून तोंड वळवलं.

"काय चाललंय रं?"

तो थबकला. कित्येक दिवसांत तिने आपणहून विचारलेली ही पहिली गोष्ट होती.

"रद्दी देतोय, आई. संयोगिताची ती पुस्तकं. बायांची."

"देऊ नगंस." तिने शेजारची जमीन थोपटली. "हितं बस. वाच."

"काय वाचू?"

"पुस्तक. ती रोज दुपारचं वाचायची की मला."

"आई, ते फ्रेंचमधी हाय. तिला कुठं येत हुतं?"

"तुला येत न्हाई आसं म्हण. ती घडाघडा वाचायची. मिलिटरीत जाऊन, परदेशी जाऊन आलास, आन् येवढं वाचता येईना व्हय तुला?"

बाहेर भंगारवाल्याने दोन वेळा भोंगा वाजवला आणि कंटाळून तो पुढे गेला. जोतीराम आईजवळ बसला. खोटं वाचायचं त्याला जमणारं नव्हतं. हुकूम आला की जसाच्या तसा पोचवायचा, यात त्याची हयात गेली होती. त्याला फोनची आठवण झाली. कॅमेरा धरला की परकी अक्षरं मराठी करून दाखवायची सोय अंकिताने त्यात करून दिली होती. त्याने फोन पहिल्या पानावर धरला. अक्षरं थोडा वेळ हलली, डुलली आणि मराठी झाली. त्याने परेडच्या आवाजात वाचलं, "या हंगामात लोकर परत येत आहे. रेशमी अस्तर. किंमत विनंतीनुसार."

अंबूबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे कुठलं काढलंस? आसं न्हाई लिवलेलं त्यात. पान कंचं हाय?"

"पिवळ्या झग्यातली बाई हाय."

"मग ती चंपा!" अंबूबाई सरसावून बसली. "तिला सासरी पोटाला घालत न्हाईत, म्हणून आशी वाळलीया. आमटी अळणी झाली म्हणून सासऱ्यानं ताट फेकलं, तवा ही जी उठून चालाय लागली ती अजून चालतीच हाय. आसं लिवलंय. वाच नीट."

जोतीरामने पानाकडे बघितलं. बाई खरंच कुठेतरी ताडताड चाललेली होती.

त्याने पान उलटलं. "काळी टोपी हाय. लय मोठी."

"ती सरपंचीण. टोपी मोठी लागती, कारण खाली डोस्कंच न्हाई."

जोतीरामच्या ओठाचा एक कोपरा हलला. ही जीभ आईची नव्हती. टोपीखालचं डोकं काढून घेणारी ती जीभ संयोगिताची होती. फोन त्याने खाली ठेवला. तो पानं उलटत राहिला, रंग सांगत राहिला आणि अंबूबाई न अडखळता सांगत राहिली. निळी बाई मुक्या नवऱ्याशी एकटीच भांडायची. पांढरीने लग्नातून पळून जाऊन उसात दडी मारली होती, पण तिचा झगाच एवढा मोठा की वरातीला तो रस्त्यावरून दिसला. शेजारच्या घरात कुणी बोलावं आणि भिंतीपलीकडून ऐकू यावं, तसं जोतीरामला ते ऐकू येत होतं. बायकोचा आवाज आहे हे कळत होतं, पण कळण्यापलीकडे काही होत नव्हतं.

"आता हिरव्या कोटाचं काढ," अंबूबाई म्हणाली.

ते पान शोधावं लागलं नाही. हाताळून हाताळून त्याचा कोपरा कापडासारखा मऊ झाला होता. संध्याकाळचा उजेड, गुडघाभर गवत, आणि त्यात एक बाई एकटीच उभी. अंगात गड्याचा वाटावा असा ढगळ हिरवा कोट, बाह्या पार बोटांच्या खाली आलेल्या.

"काय लिवलंय?" जोतीरामने विचारलं. आपण आईलाच हे विचारतोय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

अंबूबाईने आवाज उतरवला. "हिचा नवरा लांबच्या मुलकात. शेतातली लाईट येती रातची. भाऊबंद हुता तो पाणी पाजायचा, तोबी पोटापाण्याला परगावी गेला. मग मोटर कुणी चालू करायची? सासू निजली की ही नवऱ्याचा कोट घालती, डोक्याला मफलर गुंडाळती आन् निघती. लांबनं बघणाऱ्याला वाटावं, गडीच चाललाय. वाटंत कुणी हटकलं तर नुसती खाकरती. बोलत न्हाई. आवाजावनं कळंल म्हणून."

जोतीरामने पान डोळ्यांजवळ धरलं.

"पयल्या रातीला उसाच्या सरीत बसून रडली," अंबूबाई म्हणाली. "मग सवय झाली, आसं लिवलंय."

नोकरीवर असताना फोनवर तो संयोगिताला विचारायचा, उसाला पाणी झालं का. ती म्हणायची, झालं की, गुंडाभाऊजी पाजत्यात. गुंडा हा त्याचा चुलतभाऊ. तो विट्याच्या एका पाहुण्याच्या गलाईच्या दुकानात, सोनं गाळायच्या कामाला कोइमतूरला गेला, हे जोतीरामला ठाऊक होतं. फोनही झाला होता त्याच्याशी. मग त्यानंतर आपला ऊस कोण भिजवतंय, हा हिशेब त्याने कधी जुळवला नाही. ऊस भिजत होता, एवढं त्याला पुरलं होतं.

आणि कोट. एका सुट्टीत त्याला आपल्या मिलिटरीच्या हिरव्या कोटाच्या घेराला वाळलेला चिखल दिसला होता. तो तिच्यावर खेकसला होता, "सरकारी कोट हाय ह्यो. काय म्हशीवर टाकलावतास का काय?" "चुकलं," ती म्हणाली होती, आणि कोट धुवायला घेऊन गेली होती.

"नवऱ्याला सांगितलं न्हाई तिनं?" त्याचा आवाज जरा चिरकला.

"कशाला? तो तिकडं बंदूक घिऊन हुभा. हिची काळजी करत बसला तर त्येच्याच जिवाला घोर."

"मग म्होरं काय झालं?"

"म्होरलं तिनं कवा वाचलंच न्हाई. म्हणायची, आत्या, म्होरलं अजून छापून याचं हाय. नवरा घरला आला की येईल." अंबूबाईने सुस्कारा टाकला. "तू कायमचा आलास तवा म्हटलं मी तिला, आता तरी वाच. तर म्हणाली, आदी त्येंनी इचारू देत. आता पुस्तकातल्या गोष्टीला तू कशाला इचारायला पायजेस, मला काय उमगलं न्हाई."

घरी आल्यावरचं ते जवळजवळ वर्ष. त्यात जोतीरामने काय काय विचारलं होतं? चहा झाला का. कारखान्याचं बिल आलं का. माझा चष्मा बघितलास का. तिने वाट बघितली असेल, आणि तो समोर बसून पेपर वाचत होता.

तो उठला. कोट आतल्या दाराच्या मागे खुंटीवर होता. घरी आल्यापासून त्याने तो अंगात घातलाच नव्हता. त्याने घेर उलटून बघितला. धुऊनही अस्तराच्या शिवणीत काळी माती राहिली होती. मग बाही हाताला लागली. कोपराशी आतून चार टाके घालून ती चिमटून घेतली होती, अगदी तिच्या त्या ब्लाउजच्या बाहीसारखी, बाईच्या हाताला बेताची होईल अशी. अंधारात कुणी बघणार नव्हतं, बघू नये म्हणूनच तर कोट घालायचा होता. तरी तिने बाही नीट करून घेतली होती.

कोट घेऊन तो आईजवळ येऊन बसला. मांडीवर कोट, कोटावर मासिक. त्याने पान उलटलं. पुढच्या पानावर नुसती अत्तराची बाटली होती आणि खाली चार ओळी.

"वाच की रं," अंबूबाई म्हणाली.

जोतीरामने त्या ओळींवर बोट ठेवलं.

"नवरा घरला आला," त्याने वाचलं.

"आला? बरं झालं. मग?"

"आला, पर त्यानं कायबी इचारलं न्हाई."

"मुडद्याला जीभ न्हवती व्हय?" अंबूबाई कडाडली. केवढ्या दिवसांनी घरात तो आवाज घुमला.

"हुती," जोतीराम म्हणाला. "हुती की, आई."

मग त्याला पुढे वाचता येईना. पहिला थेंब अत्तराच्या बाटलीवर पडला. दुसरा पडला, आणि मग त्याने मोजायचं काही राहिलं नाही. कोटाची चिमटलेली बाही तोंडाशी घट्ट धरून तो हवालदार लहान पोरासारखा रडायला लागला.

अंबूबाईने चाचपत हात पुढे केला. तिच्या बोटांना पोराचा ओला गाल लागला, त्याच्याखाली ओलं पान लागलं. तिने एक हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने मासिक ओढून आपल्या पदराखाली घेतलं.

"बाजूला हो जरा," ती म्हणाली. "पुस्तक भिजतंय. उंद्या म्होरलं वाचायचं हाय मला."