उन्हातला माईक

"मंडप कुणाच्या सांगण्यावरनं घालतोस?"

मेहताब शिडीवर होता. दोरीची गाठ आवळत त्यानं खाली पाहिलं. दूध डेअरीवाला भीमा मोटारसायकलवर बसूनच विचारत होता.

"नगरच्या एका मानसाचा फोन आल्ता. आरोग्य शिबिर हाय म्हनला."

"आरोग्य शिबिर?" भीमानं शाळेच्या फाटकाकडे बोट केलं. दोन अनोळखी माणसं तिथं फलक बांधत होती. 'प्रस्तावित दगडखाण : जनसुनावणी', आणि खाली कंपनीचं नाव.

मेहताब घाईनं उतरला. "भीमा, आईशप्पत, मला ठावं नव्हतं."

"आमी कुठं काय म्हनलं?" भीमानं गाडी वळवली.

वर्षभर गाव या खाणीविरुद्ध उभं होतं. सुरुंग लागले की डोंगराच्या पोटातलं पाणी वाट बदलेल, विहिरी आटतील, कांद्यावर धूळ बसेल, अशी भीती होती. त्याहून जास्त भीती एकमेकांची होती. ग्रामसभेतलं बोलणं संध्याकाळपर्यंत कंपनीच्या कानावर जायचं. कोण नेतं ते कळत नव्हतं. कुणी नवा मोबाईल घेतला तरी चार डोळे त्याच्यावर खिळायचे.

मेहताबचंही डोंगराच्या पायथ्याला रान होतं, बापानं खणलेली विहीर होती. पण गावाला तो ठाऊक होता तो मंडपवाला म्हणून. गावातली लग्नं, दहावे, सप्ते, सगळं त्याच्याच कापडाखाली झालेलं.

दुपारी मोबाईल पाहिला, तर 'डोंगर वाचवा' ग्रुपमधून त्याला काढलेलं होतं.

"मंडप सोडून आना," त्याची बायको नाझनीन म्हणाली.

"सोडला तर तारीख पुढं जाईल. मग म्हनतील, यानंच कंपनीला सवड दिली. घातला तरी आपन, सोडला तरी आपनच."

दुसऱ्या दिवशी सुनावणीच्या आधीच दोन टेम्पो भरून माणसं आली आणि खुर्च्यांवर बसली. त्यातला एकही चेहरा गावातला नव्हता. गावकऱ्यांनी ते पाहिलं आणि मंडपात पाऊल ठेवलं नाही. बायका डोक्यावर पदर घेऊन मैदानाच्या कडेला उन्हातच बसल्या, मागं पुरुष उभे राहिले.

अधिकाऱ्यांनी दोनदा बोलावलं. "कंपनीच्या मांडवात आमी येनार न्हाई," खाणविरोधात पुढं असलेले वाल्मिक पाटील लांबून ओरडले. पुढचं त्यांचं बोलणं वाऱ्यावर गेलं.

कंपनीच्या माणसानं माईक हातात घेतला. "गावकऱ्यांना काही बोलायचं नाही असं दिसतंय, साहेब. तसं लिहून घ्या." आणि त्यानं माईक पहिल्या खुर्चीवरच्या माणसाला दिला. खाण आली की रोजगार येईल, असं तो माणूस पाठ केल्यासारखं बोलू लागला.

त्याचं संपलं तसा स्पीकरजवळ बसलेला मेहताब उठला; मंडपासारखा माईकही त्याचाच होता. पेटीतली जादा वायर काढून त्यानं जोडली, त्या माणसाच्या हातातून माईक घेतला आणि उन्हात चालू लागला.

"ए, कुठं निघाला? भाडं कोण देतंय तुला?" कंपनीचा माणूस ओरडला.

मेहताबनं वळून पाहिलं नाही. पुढंच भीमाची आई, ठकूबाई बसली होती. त्यानं माईक तिच्यापुढे धरला. ठकूबाईनं आधी माईककडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"चालू हाय का बंद करून आनलाय?"

"चालू हाय, काकू."

तिनं बोटानं दोनदा ठोकून पाहिलं. कर्ण्यातून आवाज घुमला, तेव्हा कुठं तिचा विश्वास बसला.

"साहेब, त्या डोंगरावर आमी बायांनी चर खांदलेत. पाटीनं माती व्हायली. तवा कुठं हिरीला पानी आलं. अन् आता त्योच डोंगर फोडनार व्हय?"

मग माईक हातोहात फिरला. जो तो आपली विहीर, आपलं रान सांगत गेला. मंडपातला कारकून मान खाली घालून लिहीत होता. मेहताब वायर सोडवत मागून फिरत होता.

शेवटी माईक त्याच्याकडे परत आला. त्यानं तो तोंडाजवळ नेला. "साहेब, माजी बी हीर तितंच..."

"ऱ्हाऊ दे रं," मागून वाल्मिक पाटील म्हणाले. "तू दोनी कडचा."

काहीजण हसले. मेहताबनं खटका बंद केला.

पावसाळ्यानंतर खाणीची परवानगी नाकारल्याचं कळलं. गावानं विजयाची सभा ठेवली. या वेळी मंडप सुप्याच्या मंडपवाल्याकडून आला. रस्त्यात भीमा भेटला, तेव्हा नजर चुकवत म्हणाला, "तुला कशाला तरास, म्हून."

"बरं केलंस," मेहताब म्हणाला.

संध्याकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून सभेला गेला आणि मागच्या ओळीत बसला. ठकूबाई सत्काराला उत्तर द्यायला उभी राहिली आणि स्पीकर शिट्ट्या मारू लागला. लोकांनी कानांवर हात ठेवले. सुप्याचा माणूस नुसती बटणं फिरवत राहिला.

मेहताब उठला, कडेकडेनं पुढे गेला आणि स्पीकरची पेटी व्यासपीठापासून थोडी बाहेर वळवली. शिट्टी थांबली. ठकूबाईचा आवाज स्वच्छ ऐकू येऊ लागला.

तो मागे आला तेव्हा त्याच्या खुर्चीवर दुसरंच कुणीतरी बसलं होतं. मग तो मंडपाच्या खांबाला टेकून उभा राहिला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यानंही वाजवल्या.