पेटीत न मावलेले वाक्य

घड्याळांच्या त्या चिंचोळ्या दुकानात भर दुपारी चाळीस माणसे दाटीवाटीने उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात फोन होता. भिंतीवरची घड्याळे आपापली निराळी वेळ दाखवत होती. त्यांना एकमताने चालवणारे माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, जाऊन दोन महिने झाले होते. एवढ्यात समोरचे शिंपीदादा पुटपुटले, "आलं."

वायफायच्या यादीत, दवाखाना आणि वाचनालय यांच्या नावांच्या वर, एक नवे नाव उमटले होते : 'ऐकलंस का'.

मावशीने काउंटरची कड घट्ट धरली. काका तिला जन्मभर याच शब्दांनी हाक मारत आले होते. तिचे नाव त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते.

लहरीमहाराज डोळे मिटून बसले होते, मांडीवर शिसवी पेटी. देह जातो, लहर राहते, भिंतीतूनही येते, असे ते आठवडाभर समजावत होते. इंटरनेट कुणाला दिसते का, तरी मानता ना. मग न दिसणारा नवरा मानायला काय हरकत? पेटीत काय आहे, असे कुणी विचारले तर ते 'शून्य' म्हणत. त्या शून्याला अधूनमधून चार्जर जोडावा लागतो, हे मी पाहिले होते.

आधीच्या दिवसांत 'मी इथे आहे' असे आले होते, मग 'त्यांना दे'. काय आणि कुणाला द्यायचे, ते महाराजांनी उलगडून सांगितले : दुकान, आणि ते महाराजांना. दानपत्र काउंटरवर तयार होते आणि पाच वाजता वकील आले की मावशी सही करणार होती. घड्याळांना पट्टे आणि सेल बसवून ती पोट भरत होती. दुकानाखेरीज तिला दुसरा आधार नव्हता.

घरांत, दवाखान्यांत, प्रतीक्षागृहांत वायफाय बसवणे हे माझे काम. शिडीवर, लोकांकडे पाठ करून माझे दिवस जातात. संशय पहिल्याच दिवशी आला होता. पण दोन महिन्यांनी जिला आपला माणूस परत मिळाला आहे, तिला काय सांगावे, या विचारात मी आठवडाभर मुका राहिलो. त्याची लाज अजून जात नाही.

मला खुपत होता तो त्या संदेशांचा तुटकपणा. वेळ विचारली तर घड्याळाचा इतिहास सांगणारा हा माणूस मेल्यावर एवढा अबोल कसा झाला? तसे मी विचारले.

"मेल्यावर माणूस मोजकं बोलतो, बाळा," महाराज म्हणाले.

"मोजकं म्हणजे दहा खुणा का?"

त्यांनी डोळे उघडले.

मी बोलत राहिलो. वायफायच्या नावाला बत्तीसच घरे असतात. इंग्रजी अक्षर एक घर घेते, आपले तीन. आणि काना, मात्रा, अनुस्वार हेही तीन-तीन घरे अडवतात. म्हणून मराठीत जेमतेम दहा खुणा बसतात. 'दुकान महाराजांना दे' एवढे साधे वाक्य आत्म्याला लिहिता आले नाही, कारण ते मावतच नव्हते.

काका नेमके कुठे आहेत, असे मी पुढे विचारले. आपल्या खुर्चीत, असे महाराज म्हणाले. ती खुर्ची मागच्या खोलीत होती. शिंपीदादा फोन घेऊन तिथे गेले, तर सिग्नलची एकच रेघ राहिली. पेटीजवळ आले, तर साऱ्या रेघा भरल्या.

"काका खुर्ची सोडून पेटीत बसलेत वाटतं," शिंपीदादा म्हणाले. कुणीतरी हसू दाबले.

महागडी घड्याळे ठेवायच्या लोखंडी कपाटात पेटी ठेवून पाहू, असे मी सुचवले. आत्म्याला कोंडू नये, असे महाराज सांगू लागले. तेव्हा मावशी उठली.

"भिंतीतून येतात म्हणालात ना? मग कपाटाचं काय एवढं."

तिने त्यांच्या मांडीवरून पेटी उचलली, कपाटात ठेवली आणि दार लावले. रेघा ओसरल्या; मग एकेका फोनवरून नावही गेले. दार उघडताच ते परतले. मी पेटीचे झाकण काढले. आत तळहाताएवढा राउटर होता आणि त्याला जोडलेली बॅटरी.

त्यात गूढ काही नव्हते. तारेने आलेले इंटरनेट राउटर रेडिओलहरींवर चढवतो आणि फोनला आपण आहोत हे कळावे म्हणून सेकंदाला दहा वेळा स्वतःचे नाव पुकारतो. रिकाम्या खोलीतही पुकारतो. ते नाव कुणीही, काहीही ठेवू शकतो. महाराजांच्या पेटीत तर इंटरनेटही नव्हते, नुसता पुकारा होता.

"पण 'ऐकलंस का' यांना कसं कळलं?" मावशीने विचारले.

शिंपीदादांनी मान खाली घातली. महाराज सदरा शिवायला आले होते तेव्हा त्यांनी सहज चौकशी केली होती. वहिनी, मीच बोलून गेलो, असे ते म्हणाले. महाराज पेटी न घेताच निघून गेले.

दानपत्र घडी करून मावशीने खणात टाकले. "म्हणजे ते नव्हतेच?"

"नव्हते, मावशी."

ती रडली, आणि मला थांबवता आले नाही.

दिसत नाही ते सारे दैवी नसते. ते कुठून येते, कुठे सर्वांत जोरात असते, कशाने अडते, एवढे विचारायला शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही. आणि दुःखात असलेल्या माणसासाठी हे प्रश्न शेजाऱ्यांनीच वेळेवर विचारावे लागतात. माझ्यासारखा आठवडा घालवू नये.

पुढच्या आठवड्यात मी दुकानात खरेखुरे वायफाय बसवले. नाव काय देऊ, असे विचारले, तर मावशीने फोन हातात घेतला आणि एका बोटाने सावकाश 'दुकान सुरू' लिहिले. पुढचा शब्द पडदा घेईना.

"'आहे' राहिलं रे," ती म्हणाली.

"राहू दे. येणाऱ्याला कळेल."

तिने फोन ठेवला. मग भिंतीवरचे पहिले घड्याळ उतरवून तिने त्याची वेळ लावायला घेतली.