पोलीस पाटलाचा दाखला

हर्षलचा व्हिसा नामंजूर झाला तो एका दाखल्यापायी. बायको पूनम ऑस्ट्रेलियात नर्स. नवऱ्याला तिकडे बोलवायला तिनं अर्ज केला, त्याला पोलीस क्लिअरन्स जोडायचा होता. अन् या पठ्ठ्यानं काय जोडावं? आपल्या गावच्या, वरवट बकालच्या पोलीस पाटलाचा दाखला! पाटील किसनराव म्हणजे त्याचे सख्खे मामा. 'सदर इसम सद्वर्तनी आहे', खाली ठळक गोल शिक्का. गावातल्या कामाला तो शिक्का चालतो, पण ऑस्ट्रेलियाला त्याचं काय कौतुक? त्यांनी दोनदा खरा दाखला मागितला, यानं दोनदा तोच पाठवला.

वेंधळेपणा म्हणावा, तर तसंही नव्हतं. खऱ्या दाखल्याची चौकशी ठाण्यात होते, आणि ठाण्यात हर्षलचं नाव होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गाव पैसे लावून पत्ते खेळतं, तसा लग्नाआधीच्या वर्षी हाही बसला होता. धाड पडली, कोर्टात दंड झाला. गावात त्याला कोणी गुन्हा म्हणत नाही. पण पूनमच्या बापानं पत्त्यापायी घराची धूळधाण केली होती. मुलगी पाहायच्या दिवशी तिनं एकच गोष्ट विचारली होती, "पत्ते खेळता काय?" आणि हर्षल बेधडक म्हणाला होता, "छ्या! हातही लावत नाई."

रविवारी दुपारी तिचा फोन आला. आई मनकर्णाबाई शेजारी तूर निवडत होती, म्हणून यानं स्पीकर लावला.

"अपील लिहिलं," पूनम म्हणाली. "ऐका. 'माझा नवरा कधी ठाण्याची पायरी चढला नाही. चूक फक्त कागदाची आहे.' आता सही करून राह्यली. उद्या शेवटची तारीख हाय."

हर्षलच्या तोंडचं पाणी पळालं. खोट्यावर ही पोरगी शपथेनं सही करणार!

"थांब," तो म्हणाला, आणि करीची सगळी गोष्ट त्यानं एका दमात सांगून टाकली. आईचे हात सुपातच थांबले.



"वकीलबाई पहिल्याच दिवशी म्हणल्या होत्या," पूनम हळू बोलली, "लहानसा दंड असला तर चालते, फक्त लपवू नका. मी छाती ठोकून सांगतलं, आमच्याकडं तसं काईच नाई. काऊन नाई बोलले तुम्ही?"

"तू सोडून जाशीन, असं वाटलं."

"आता अपिलात खरं लिहा लागते. मले माहीत नव्हतं, हेही लिहा लागते."

"लिही."

"मी नाई. तुम्ही सांगा, मी लिहीन."

हर्षलनं आईकडे पाहिलं. तिनं मान फिरवली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्या नवऱ्यानं..." तो पुटपुटला.

"जोरात सांगा, आयकू नाई येत."

"माझ्या नवऱ्यानं लग्नाआधी मले खोटं सांगतलं."

"लिहिलं," पूनम म्हणाली. "पुढं सांगा."