चार दगडांचा आहेर

हातातली पिशवी अंगणातच टाकून मनकर्णा झाडाच्या बुडाशी बसली आणि उकरून बाजूला काढलेली माती दोन्ही हातांनी आत लोटू लागली. झाडाकडे येणारं न्हाणीचं पाणी वळवलं होतं आणि मुळ्या उघड्या पडल्या होत्या. वर फांद्यांवर एक पान उरलं नव्हतं आणि खालच्या काळ्या जमिनीला भेगा गेल्या होत्या. महिनाभर ती आईच्या आजारपणासाठी माहेरी, अकोटला होती. तेवढ्यात कोणीतरी तिचं झाड मारायला घेतलं होतं, आणि कोणी हे तिला विचारावं लागलं नाही.

मागच्या दारात तिचे सासरे, भगवंतराव, काठी टेकून उभे होते.

"माती लोटू नोको," ते म्हणाले. "ताण देला हाये त्याले."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्न होऊन आल्यापासून ती सासऱ्यांशी समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती. त्या घरात सुना बोलत नसत. तिने डोक्यावरचा पदर ओढला आणि आत चुलीपाशी बसलेल्या सासूला, पार्वताबाईंना, दारातल्या माणसाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"आत्याबाई, विचारा त्यायले, माह्या झाडाले हात लावाले कोनं सांगतलं होतं?"

पार्वताबाईंनी कोणाला काही विचारलं नाही. अशा वेळी ऐकू न येण्याची कला त्यांना चांगली साधली होती.

भगवंतरावांची अंजनगावच्या बाजूला संत्र्याची बाग होती, आणि जगातल्या सगळ्या झाडांना संत्र्याचेच कायदे लागू आहेत अशी त्यांची पक्की समजूत होती. पौषात बागेचं पाणी तोडायचं. बुडाची माती उकरून मुळ्यांना ऊन दाखवायचं. पानं वाळून गळाली, झाड मेल्यासारखं झालं, की माती-खत घालून पाणी सोडायचं. मग झाड घाबरून फुलावर येतं. यालाच ताण देणं म्हणतात. संत्र्याला ते मानवतं. पण मागच्या अंगणातलं हे झाड आडूचं होतं, ज्याला शहरातले लोक पीच म्हणतात. थंड मुलखातलं झाड. ते वऱ्हाडाच्या उन्हाळ्यात जगलं हेच नवल, आणि त्याला आता हा माणूस तहानेने मारत होता.

सहा वर्षांपूर्वी नणंदेच्या लग्नाला मनकर्णाचा भाऊ श्रावण आला होता. तो फौजेत होता. रजा उशिरा मिळाली, म्हणून डेहराडूनहून निघाला तो थेट मांडवात आला. कापडचोपड घ्यायला वेळ मिळाला नव्हता. बिस्किटाच्या डब्यात तिकडचे आडू आणले होते, तेही वाटेत उबून बहुतेक सडले. चार तेवढे धड राहिले. मांडवात आहेर पुकारणं चाललं होतं, कोणाकडून लुगडं, कोणाकडून भांडं. श्रावणचा डबा पुढे आला तेव्हा भगवंतरावांनी स्वतः उठून एक फळ फोडलं, आतली सुरकुतलेली कोय वर धरून सोयऱ्यांना दाखवली आणि पुकारलं,

"सुनंच्या भावाकडून चार दगड. रिकाम्या हातानं आला अशी गोठ नोका करू कोनी."

मांडव हसला. वरबाप विनोद करतो तेव्हा मांडव हसतोच, आणि वधूपित्याच्या विनोदालाही, बाग मोठी असली तर, हसू कमी पडत नाही. श्रावणने हातातला पाण्याचा गडू न पिताच खाली ठेवला.

"या दगडाचं झाड होईन, त्याले फय लागन, तवा येईन या घरचं पानी प्याले," तो म्हणाला, आणि आल्या पावली परत गेला.

त्याने शब्द पाळला. फौज सोडून तो अकोटच्या कापसाच्या जिनात लागला, म्हणजे हाकेच्या अंतरावर आला, पण बहिणीच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. दर भाऊबीजेला मनकर्णा मागच्या अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची. भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तसं. भाऊ जिताजागता असताना हे करताना तिला रडू येत नसे, संताप येत असे.

त्या चार कोया लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिनेच उकिरड्यावरून वेचून आणल्या होत्या. पाण्याच्या रांजणाखाली ओली रेती असते, घरातली सर्वांत गार जागा तीच. तिथे तिने त्या पुरल्या. तीन कुजल्या. चौथी थंडीत उकलली. न्हाणीचं पाणी जातं तिथे तिने ते रोप लावलं, उन्हाळ्यात त्याला तुराट्यांचा आडोसा केला आणि बकऱ्यांपासून राखलं. भगवंतराव येता-जाता पाहत, काही बोलत नसत. झाड वाढून छपराच्या वर गेलं, पण फूल कधी आलं नाही.

या खेपेला आईने अंथरुणावरून श्रावणला म्हटलं होतं, की माझे डोळे उघडे आहेत तोवर एकदा बहिणीच्या घरी जाऊन ये. तो म्हणाला, लागलं काय फय? तिघांतलं कोणी हसलं नाही. त्या एका प्रश्नाचं उत्तर आता मुळ्या उघड्या टाकून उन्हात उभं होतं.

मनकर्णा उठली, विहिरीवरून बादली भरून आणली. भगवंतरावांनी काठी आडवी धरली.

"आता पानी देशीन तं खरंच मरन. माघ लागू दे."

"आत्याबाई, त्यायले सांगा, माह्या भावाचा पानउतारा करून पोट भरलं नसन तं झाड तेवढं सोडा म्हना."

काठी हलली नाही. बादली तिथेच राहिली, आणि संध्याकाळी तिच्यात कावळे पाणी पिऊन गेले.

त्या दिवसापासून मनकर्णाने सासऱ्यांचं ताट वाढलं, पण ताटाजवळ पाणी ठेवलं नाही. ज्वारीची भाकर, झुणका, ठेचा, सगळं जिथल्या तिथे, पाणी नाही. नवऱ्याने, पुंजारामने, एकदा डोळ्यांनी विचारलं आणि तिच्या डोळ्यांत पाहून ताटात मान घातली. भगवंतराव कोरडी भाकर चावत राहत. ठसका लागला तरी त्यांनी पाणी मागितलं नाही, उठून स्वतःच्या हाताने रांजणातून घेतलं. मागितलं असतं तर ती भांडली असती. त्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही, म्हणून तिचा राग आणखी वाढला.

माघ लागला तसं त्यांनी मुळ्यांवर माती ओढली, शेणखत घातलं. बागेत सालदार गडी होते, पण या झाडाला ते स्वतः पाणी ओढत होते, धापा टाकत, धोतर भिजवत. मनकर्णा न्हाणीच्या दारातून बघायची आणि मनात म्हणायची, मेल्यावर पाणी पाजून राहिले.

मग एका सकाळी राख टाकायला गेली तर निष्पर्ण फांद्यांना गुलाबी फुलं आली होती. बुडापासून शेंड्यापर्यंत. ती राखेची टोपली धरून उभीच राहिली. आनंद झाला, खूप झाला, आणि त्याच्यापाठोपाठ चीड आली, की हे या माणसाच्या हाताने व्हावं.

मागे पावलं वाजली. भगवंतराव आले. अंगात लग्नकार्यातला कोट, डोक्यावर धुतलेली टोपी, हातात कलमं बांधायचा चाकू. आत पाहून त्यांनी पार्वताबाईंना अकोटची गाडी कधी येते ते विचारलं आणि एक फुललेली डहाळी वाकवून चाकू लावला.

तेव्हा तिला कळलं. पौषापासून हा माणूस काय करत होता ते सगळं तिला कळलं, आणि तरी राग गेला नाही.

"मामाजी," ती म्हणाली. पदर डोक्यावर होता, पण तोंड त्यांच्याकडे होतं. "फूल तोडू नोका."

चाकू थांबला. सून आपल्याशी बोलली हे समजायला त्यांना वेळ लागला.

"श्रावणले दाखवा लागन ना," ते म्हणाले. "फयाले अजून टाईम हाये. तुही माय तवरोक… रिकाम्या हातानं कसा जाऊ?"

"तो आला होता तसेच जा."

त्यांनी डहाळी हळू सोडली. चाकू मिटून खिशात घातला, मग खिशातून काढून ओट्यावर ठेवला. दारापर्यंत जाऊन ते थांबले.

"जाताना पानी दे एवढं."

"तिथं मांगा," मनकर्णा म्हणाली. "माहा भाऊ देते का पाहा."

भगवंतराव काठी टेकत गाडीच्या रस्त्याला लागले. पार्वताबाई चुलीपाशीच बसून होत्या, पण या खेपेला त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. लय कडू झाली तू, असं त्या म्हणाल्या.

मनकर्णाने रांजण रिकामा केला, आतून-बाहेरून राखेने घासला आणि ताजं पाणी आणायला विहिरीवर गेली.