शेवटची ओळ

धाकट्या दिरानं, सार्गिसनं, खुणा करायला लाल रंगाचा डबा माझ्या हातात दिला. खूण केलेलं झाड मशीन मुळासकट उपटणार होतं. तो म्हणाला, बाग तुमची, खूण तुम्हीच करा.

बदामाच्या खोडांवर डिंक ओघळून वाळला होता, कोऱ्या चहाच्या रंगाचा. त्याखालची साल काळी, मेलेली. कँकर. प्रत्येक रोगट झाडाला एकाच उंचीवर, झाड हलवून बदाम पाडणाऱ्या मशीनचा जबडा खोड धरतो तिथं. जबडा तिरपा लागला की साल फाटते आणि रोगाला वाट मिळते.

दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टात, ते मशीन माझ्या नवऱ्यानं चालवलं होतं. ओराहमनं. त्याआधी त्याच्या हातून झाडाला कधी ओरखडाही पडला नव्हता. हातांपासून अंग लुळं करत जाणारं दुखणं टरलॉक गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं ते नाताळात. पुढच्या ईस्टरच्या आधी तो गेला.

मी खुणा करत निघाले. पहिल्या ओळीत जखमा बोटभर. मग चार बोटं. मग तळहाताएवढ्या. हात कसकसे गेले ते झाडं ओळीनं सांगत होती. मला रडू आलं नाही. रंग नखांत वाळत होता, तेवढं कळत होतं.

शेवटच्या ओळीत खोडं गुळगुळीत होती. एका झाडाच्या बेचक्यात सासऱ्यांच्या वेळची, बदाम झोडपायची लांब काठी टेकलेली.

त्या ऑगस्टातली एक संध्याकाळ आठवली. ओराहम अंधार पडल्यावर घरी आला. त्याला रोटीचा तुकडा मोडेना. मी म्हटलं होतं, "मशीन सोडून काठीनं झोडपत बसलास? आता गाढवही आण एखादं." तो हसला. मशीन बिघडलंय, म्हणाला.

सार्गिस मागून आला. "वहिनी, हीपण ओळ करून टाका. हिला एकटीला पाणी कोण देणार?"

"भावजी, ही ओळ काठीनं झोडपली तेव्हा मशीन काय बिघडलं होतं?"

"मशीन? कधी? दुसऱ्या दिवशी मीच शेडमध्ये नेलं की. ठणठणीत होतं."

म्हणजे ओराहमला हातांचं कळलं होतं. आमच्या सगळ्यांच्या आधी.

मी डब्याला झाकण लावलं. "ही राहू दे. पाणी मी देईन."

सार्गिसनं काठी बेचक्यातून काढली, हातात तोलली. मग माझ्याकडं न बघता होती तशी परत टेकवली.