संताचं नरसाळं

त्या शनिवारी दुपारी हालसे बेटावरचं सगळं कामकाज बंद होतं. बोटी धक्क्याला बांधलेल्या, मेंढ्या कुत्र्यांच्या भरवशावर सोडलेल्या, आणि माणसं शाळेमागच्या सभागृहात खांद्याला खांदा लावून बसलेली. प्रत्येकाच्या मांडीवर कापडात गुंडाळलेली एकेक बाटली होती. मी बेटावरची नर्स. घरोघरी सायकलवर फिरणारी. त्या दिवशी एकही पेशंट घरी सापडेना, म्हणून शोधत शोधत तिथे पोचले आणि जागा नव्हती म्हणून दारातच उभी राहिले.

समोर टेबलामागे तॉर्मड गिलीस उभा होता. पंधरा दिवसांपूर्वी टपालाच्या बोटीतून उतरलेला माणूस. छातीपर्यंत दाढी, कमरेला दोरखंड, आणि हातात तांब्याचं एक जुनं, हिरवट पडलेलं नरसाळं. हे नरसाळं संत कोरिनचं, असं त्याचं म्हणणं. तेराशे वर्षांपूर्वी संत कातड्याच्या होडीतून आमच्या बेटावर आला, तहानलेला होता, बेटाने त्याला पाणी पाजलं आणि त्याने बेटाला धूर दिला, म्हणजे इथल्या व्हिस्कीतली धुरकट चव. "पाण्याच्या बदल्यात धूर," तॉर्मड डोळे मिटून म्हणायचा, "आणि धुराच्या बदल्यात संत मागतो काय? फक्त विश्वास." विश्वासाखेरीज दर दोन बाटल्यांमागे एक बाटलीही मागायचा, पण ते तो डोळे उघडून आणि जरा घाईत सांगायचा.

म्हातारा नील पुढे झाला. त्याच्या बाटलीतली दारू पाण्यासारखी पांढरी होती. महायुद्ध संपून आठ वर्षं झाली तरी चांगली व्हिस्की सगळी परदेशात जायची, आणि आमच्या वाट्याला यायची ती गुरांच्या खाद्यातली मळी आंबवून परसात गाळलेली. प्यायलं की डोळ्यांतून पाणी काढणारी. अर्थात घरी गाळणं गुन्हा आणि कॉन्स्टेबल लॅमाँट पहिल्याच रांगेत बसलेला, त्यामुळे बेटावरची प्रत्येक बाटली ग्लासगोच्या कुठल्यातरी आत्याने पाठवलेली होती. आमच्या बेटाला ग्लासगोत इतक्या आत्या असतील असं मला वाटलं नव्हतं. लॅमाँट मात्र चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता ऐकून घेत होता.

तॉर्मडने नरसाळं काचेच्या बरणीवर धरलं, काहीतरी पुटपुटला आणि नीलची दारू ओतली. वरून पांढरी पडत होती. खाली बरणीत उतरली ती मधाच्या रंगाची. आणि वास! दलदलीतून कापून वाळवलेल्या पीट-मातीच्या धुराचा, आमच्या चुलींचा, आजोबांच्या स्वेटरचा वास सभागृहभर पसरला. बायकांनी छातीवर क्रूस काढले. नीलने घोट घेतला आणि रडायलाच लागला. बापाच्या हातची चव लागली म्हणाला.

इथवर मला हसू येत होतं. दारूत धूर आला तर येवो बापडा, कुणाचं काय बिघडतंय? पण मग तॉर्मडने बरणी उंच धरली आणि म्हणाला, "बाहेरचा धूर छातीत गेला की माणूस खोकतो. संताचा धूर गेला की खोकला जातो. सकाळी एक घोट, संध्याकाळी एक घोट. संत सुई टोचत नाही."

तिसऱ्या रांगेत रुअरी बसला होता. चोवीस वर्षांचा, थोरल्या एफीचा एकुलता एक मुलगा. त्याला क्षय होता. हॉस्पिटलात खाट रिकामी होईपर्यंत मीच त्याला इंजेक्शनं देत होते. सुई या शब्दावर त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागला.

सोमवारी मी त्याच्या दारात गेले तर त्याने बाही वर करायला नकार दिला. भांडला नाही. उलट फार गोड बोलला. म्हणाला, "नर्सबाई, तुम्ही खूप केलंत. पण त्या इंजेक्शनांनी कान गुणगुणतात, गोळ्यांनी पोट ढवळतं. काल घोट घेतला आणि रात्रभर झोपलो." मी म्हटलं, अरे, पावशेर दारू पोटात गेल्यावर कुणीही झोपेल. तो हसला आणि दार लावून घेतलं. बुधवारीही तेच. अर्धवट सोडलेलं औषध क्षयाला किती आवडतं, ते मी दोन घरांत पाहिलं होतं. दोन्ही घरं आता बंद आहेत.

मी एफीला गाठलं. ती गोठ्यामागच्या खोलीत होती. तिथे मी याआधी कधी गेले नव्हते. ती कुणालाच जाऊ देत नसे. त्या दिवशी तिने दार उघडं ठेवलं. आत जाळीवर मोड आलेला सातू पसरलेला, आणि खाली पीटचे तुकडे ज्वाळा न धरता नुसते धुमसत होते. कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेली तांब्याची भट्टी. नाव घ्यायची गरज नव्हती.

"हातात घे," एफी म्हणाली. मी चार दाणे चावले. सातूत धूर होता.

"धूर शिरतो तो इथे," ती म्हणाली. "ओल्या मोडावर. मग दळायचं, आंबवायचं, गाळायचं. धूर बरोबर येतो. आणि रंग येतो तो वर्षानुवर्षं लाकडाच्या पिंपात पडून. त्या नीलच्या मळीनं धूर पाहिला तरी होता का कधी? ओतता ओतता कुठून येणार?"

"मग हे सभागृहात का नाही बोललात?"

तिने पोत्याकडे पाहिलं. भट्टी तिच्या आजोबांची होती. हे तुला कसं माहीत, असं कुणी विचारलं तर उत्तर तिथे झाकून ठेवलेलं होतं, आणि विचारणाऱ्यांत लॅमाँट असणार होता. तिने मुलाला घरात समजावून पाहिलं होतं. त्याने तिला देवाधर्माची टवाळी करू नकोस म्हणून सुनावलं होतं.

थोडा वेळ आम्ही दोघी त्या धुरात खोकत बसलो. मग मी तिला माझं निरीक्षण सांगितलं. तॉर्मड ओतताना मंत्र म्हणतो, मान हलवतो, दाढी हलवतो; पण नरसाळ्याच्या मुठीवरचा त्याचा अंगठा मात्र ठरावीक वेळेलाच उचलला जातो. त्यावर एफी पहिल्यांदा हसली. म्हणाली, विहिरीवरून पाणी आण.

पुढच्या शनिवारी एफी रांगेत दुसरी होती. तिच्या मातीच्या बुधल्यात विहिरीचं पाणी होतं, मीच शेंदलेलं. फक्त बुधल्याच्या तोंडाला तिने दारूत भिजवलेली चिंधी फिरवली होती. तॉर्मडने बुधला नाकाशी नेला, समाधानाने मान डोलावली आणि नरसाळ्यात ओतला. खाली मधाचा रंग उतरला, धुराचा वास सुटला. "वा, एफी," तो म्हणाला, "तीस वर्षांची झाली ही. संत तुझ्यावर फार प्रसन्न आहे."

एफीने बरणीतलं पेल्यात ओतून घेतलं आणि तो पेला सरळ नेऊन लॅमाँटच्या हातात दिला. लॅमाँटने मिशा पुसून मोठा घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. मग पेल्यात डोकावून पाहिलं.

"हे पाणी आहे," तो म्हणाला. "धुरकट पाणी."

तॉर्मडचा रंग उडाला, पण गडी मुरलेला होता. क्षणात त्याने दोन्ही हात वर केले. बघा, म्हणाला, मनात शंका घेऊन आली आणि तिच्या दारूचं पाणी झालं. हा संताचा कोप. मी तुम्हाला खरं सांगते, निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. रुअरी तर उठून उभा राहिला आणि आईला म्हणाला, खाली बस, आई, पुरे झाली शोभा.

एफी बसली नाही. "पाण्याचं काही झालं नाही," ती म्हणाली. "आधी पाणीच होतं. नर्सनं विहिरीवरून आणलं. दारूचं पाणी केलं असेल संतानं, तर पाण्यात धूर कशाला घातला? आणि तीस वर्षांचं झालं ते काय, आमच्या विहिरीचं पाणी?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तॉर्मड म्हणाला की संताच्या धुरातलं या अडाणी बाईला काय कळतं.

एफीने एकदा लॅमाँटकडे पाहिलं. मग सगळ्यांकडे. "चाळीस वर्षं मी गाळते आहे," ती म्हणाली. "आजोबांच्या भट्टीत, गोठ्यामागे. धूर कसा शिरतो ते या बेटावर माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. सातूला तीन दिवस पीटवर धरावं लागतं. नरसाळ्यातून धूर येत नाही."

लॅमाँटने डोळे मिटून घेतले. आत्या पाठवते असं ती म्हणाली असती तर त्याने आनंदाने ऐकलं असतं.

तोवर मी टेबलाजवळ पोचले होते. तॉर्मडने नरसाळं छातीशी धरलं, पण नील म्हातारा असला तरी कोळी होता. त्याने ते अलगद काढून माझ्या हातात दिलं. रिकामं असूनही ते जड होतं. मी आधी माझ्या पिशवीतली काचेची नळी सभागृहात चहासाठी ठेवलेल्या दुधात बुडवली, वरचं तोंड बोटाने दाबलं आणि नळी उचलली. दूध खाली पडेना. बोट उचललं, पडलं. हे पहिल्या रांगेतल्या पोरांनाही माहीत होतं. मग नरसाळं तिथल्याच एका पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यावर धरलं. मुठीच्या खाली सुईच्या टोकाएवढं भोक होतं. त्यावर अंगठा, काही नाही. अंगठा उचलला, आणि रिकाम्या नरसाळ्यातून काळपट, चिकट धार वाडग्यात पडली.

नरसाळ्याला दोन भिंती होत्या, आणि मधल्या पोकळीत हा माल भरलेला. एफीने बोट बुडवून चाटलं. जळकी साखर, म्हणाली, आणि मासे धुरावतात त्या लाकडाच्या भुशाचा धूर, थंड नळीतून नेऊन पाणी करून साठवलेला. पीट नव्हेच. "याचा वास धुरावलेल्या बांगड्याला येतो," ती म्हणाली, "आणि तुम्हाला आजोबा आठवले." त्यावर हसू फुटलं ते थांबेचना. नील सगळ्यांत मोठ्याने हसला, बहुधा आपण रडलो होतो हे सगळ्यांनी विसरावं म्हणून.

तॉर्मडला लॅमाँटने टपालाच्या बोटीने पाठवून दिलं. मुख्य भूमीवरच्या पोलिसांना तो आधीपासून हवा होता. संताच्या वाट्याच्या बाटल्या जप्त झाल्या. पुढे त्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही.

एफीची भट्टी मात्र गेली. तीनशे माणसांसमोर ऐकलेलं लॅमाँट न ऐकल्यासारखं करू शकत नव्हता. दंड त्याने जमेल तितका कमी लिहिला, पण तांबं त्याच्यासमोर ठेचावं लागलं. हातोडा एफीने स्वतः चालवला. रुअरी कुंपणापाशी उभा राहून बघत होता. सभागृहातून आल्यापासून तो तिच्याशी बोलला नव्हता. शेवटचे घाव तिला झेपेनात तेव्हा त्याने जाऊन हातोडा घेतला, आणि उरलेलं काम त्याने केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात आला आणि बाही वर केली. दीड वर्ष लागलं. मधे चार महिने हॉस्पिटलातही काढले. कान अजून गुणगुणतात, पण बोट चालवतो, आणि मागच्या उन्हाळ्यात त्याला मुलगी झाली.

अजूनही बेटावर दोन-चार जण म्हणतात की नरसाळं लबाडाचं असेल, पण संत खरा. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. संतावर श्रद्धा ठेवा, माझी काही हरकत नाही. पण संताच्या नावाने कुणी तुमचं औषध बंद करायला सांगितलं, तर त्याला विचारा. कसं होतं, कशातून होतं, आम्हाला हातात घेऊन बघू देतोस का? खऱ्या गोष्टीला प्रश्नांनी काही होत नाही. एफीला तो एक प्रश्न विचारायला आजोबांची भट्टी मोडावी लागली. आपल्यापैकी बहुतेकांना तो फुकट विचारता येतो.